संकल्प एकाचा, हात दुसऱ्याचे

२०११ साली 'बंबलबी' नावाचा एक छोटासा मुक्त प्रकल्प लिनक्सवाल्यांच्या जगात भलत्याच कारणाने गाजला. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर लिनक्स नीट चालावे यासाठी ती सगळी खटपट होती. हा प्रोग्रॅम बसवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक साधी ओळ होती: 'यूएसआर' डिरेक्टरीच्या पोटातली, काही पायऱ्या खाली असलेली एक बारीकशी गोष्ट 'आरएम' या प्रोग्रॅमकडून पुसून घ्यायची. पत्ता लिहिताना 'यूएसआर' या शब्दानंतर एक मोकळी जागा पडली. हुकूम वाचून ते चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल, आणि त्याच्या व्याकरणात मोकळी जागा म्हणजे एक नाव संपले, दुसरे सुरू झाले. त्यामुळे 'यूएसआरच्या आतले अमुक पुसून टाक' याऐवजी 'यूएसआर पुसून टाक, शिवाय अमुकही' असा हुकूम गेला. लिनक्सवर बहुतेक सगळे प्रोग्रॅम राहतात ते यूएसआरमध्येच. सोबत 'विचारत बसू नकोस, आतले सगळे घे' अशी ताकीदही जोडलेली होती. आरएमने सांगितलेले काम चोख केले.

संस्कृत शिकलेल्या कुणालाही हे वाचून त्वष्ट्याची आठवण यावी. इंद्राने त्याचा मुलगा विश्वरूप मारला, म्हणून इंद्राचा जीव घेणारा पुत्र व्हावा या हेतूने त्वष्ट्याने यज्ञ मांडला. मंत्रात 'इंद्रशत्रु' असा समास होता. उदात्त स्वर शेवटच्या अक्षरावर पडला असता, तर अर्थ झाला असता इंद्राला मारणारा. तो पडला पहिल्या अक्षरावर आणि अर्थ झाला, ज्याला मारणारा इंद्र आहे असा. वृत्र जन्मला, वाढला आणि इंद्राच्याच हातून मेला. तैत्तिरीय संहितेत ही गोष्ट येते, आणि पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, व्याकरण का शिकावे हे सांगताना तिचा दाखला दिला आहे. त्यातला एक बारकावा सहसा निसटतो. चुकलेला शब्द वज्र होऊन कुणावर आदळतो? पतंजलीने दिलेल्या श्लोकात मंत्र म्हणणाऱ्या ऋत्विजाचे नाव नाही. वज्र पडते ते यजमानावर.

काम ठरवले एकाने, केले दुसऱ्याने. मग कर्ता कोण, आणि फळ-दोष कुणाच्या पदरात? धर्मशास्त्राने आणि दर्शनांनी ज्यावर शतकानुशतके काथ्याकूट केला, तो हा प्रश्न. संगणकावर मात्र तो क्षणोक्षणी उभा राहतो आणि बहुतेकांच्या तो ध्यानातही येत नाही.

पायथन, पर्ल, टीसीएल, शेल या स्क्रिप्टच्या भाषा लिहायला सोप्या, पण जड कामाला संथ. व्हिडिओचा आकार कमी करणे, फोटो लहान करणे, लाखो ओळींतून एक शब्द हुडकणे ही कामे सीसारख्या भाषेत लिहून, आधीच कंपाइल करून यंत्रभाषेत उतरवलेले प्रोग्रॅम करतात. स्क्रिप्ट त्यांना बोलावते, सामान पुढे करते, निकाल उचलते. टीसीएल घडवणाऱ्या जॉन औस्टरहाउटने १९९८ मध्ये एका लेखात ही श्रमविभागणी उघडपणे मांडली: एका प्रकारची भाषा घटक घडवण्यासाठी, दुसऱ्या प्रकारची ते घटक एकमेकांना चिकटवण्यासाठी. १९८७ साली पर्ल आणणारा लॅरी वॉल तर मुळात भाषाशास्त्राचा विद्यार्थी आणि श्रद्धाळू ख्रिस्ती. लिपी नसलेल्या एखाद्या भाषेत मिशनरी काम करायचे असे त्याने आणि त्याच्या पत्नीने ठरवले होते. प्रकृतीच्या कारणाने ते राहून गेले. त्याच्या भाषेत बाहेरचा प्रोग्रॅम बोलवायला दोन उलटी अवतरणचिन्हे पुरतात, आणि एखाद्या वस्तूला विशिष्ट वर्गात दाखल करायचे तर तिला चक्क 'आशीर्वाद' द्यावा लागतो. हे आपले जाता जाता.

हाक मारल्यावर आत नेमके काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, पायथनमधल्या एका स्क्रिप्टने 'एफएफएमपेग'ला बोलावले. फॅब्रिस बेलार्डने २००० साली सुरू केलेला हा प्रोग्रॅम व्हिडिओच्या जगातला सर्वांत राबता कामगार. युनिक्सच्या घराण्यात चालत आलेली रीत अशी की स्क्रिप्ट चालवणारी प्रक्रिया आधी स्वतःची हुबेहूब दुसरी प्रत काढते. क्षणभर दोन पायथन नांदतात. मग त्या प्रतीतला पायथन पुसला जातो आणि त्याच जागी एफएफएमपेगचे यंत्रसंकेत येऊन बसतात. प्रक्रियेचा क्रमांक तोच, उभी असलेली डिरेक्टरी तीच, वारशाने आलेल्या उघड्या वाटाही त्याच. आतला मात्र बदललेला. गीतेतला जुन्या वस्त्रांचा दृष्टान्त इथे उलटा लागतो: वस्त्र टिकते, नेसणारा जातो. मूळ पायथन तोवर बाजूला वाट पाहत उभा असतो. स्वतःची प्रत काढण्याची ही युक्ती केन थॉम्पसनने बर्कलीतल्या एका आधीच्या यंत्रणेवरून युनिक्समध्ये आणली. त्याचा सहकारी डेनिस रिची याने लिहून ठेवले आहे की पीडीपी-७ या यंत्रावर तिला असेंब्ली भाषेच्या नेमक्या २७ ओळी पुरल्या.

आता कर्ता कोण? पाणिनीने स्वातंत्र्य हीच कर्त्याची कसोटी धरली: क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. आणि लगेच पुढच्या सूत्रात, त्या कर्त्याला कामाला लावणारा तोही कर्ताच, असे जोडून दिले. देवदत्त भात शिजवतो, यज्ञदत्त त्याच्याकडून शिजवून घेतो, कर्तेपण दोघांकडे. व्याकरणाचे एवढ्यावर भागते. त्याला वाक्य जुळवायचे असते, नुकसानभरपाई ठरवायची नसते.

इथे पूर्वपक्षी उठून म्हणेल, आरएमला कर्ता म्हणणेच चूक. ते करण आहे, साधन. कुऱ्हाडीने झाड तोडले तर कुऱ्हाडीकडे कुणी कर्तेपण देत नाही. आक्षेप वजनदार आहे, पण हत्यार हातात घेऊन पाहिले की डळमळू लागतो. अमुक झाडावर पडायचे नाही, हे कुऱ्हाडीला शिकवता येत नाही. आरएमला येते. साऱ्या फायली जिच्या पोटात असतात ती मुळाची डिरेक्टरी पुसायला सांगितली, तर लिनक्सवरचा जीएनूचा आरएम २००६ पासून चक्क नकार देतो. खास वेगळी परवानगी लिहून दिल्याशिवाय हलत नाही. दुसरे असे की आरएम स्वतः काही पुसतच नाही. तो कर्नलला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याला, विनंती करतो, कर्नल यादीतून फायलीचे नाव खोडतो, आणि मजकूर बहुधा तिथेच पडून राहतो, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. हाक मारणाऱ्याला यातले काही ठाऊक नसते आणि ठाऊक असावे अशी अपेक्षाही नसते. स्वतःची रीत असलेला, नाही म्हणू शकणारा, पुढे आणखी कुणाला तरी कामाला लावणारा, आणि तरीही स्वतःची इच्छा नसलेला असा हा गडी आहे. त्याचा नमुना लाकूडतोड्याच्या हातात सापडत नाही. तो यज्ञमंडपात सापडतो.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांत, तिसऱ्या अध्यायाच्या सातव्या पादात, हा वाद रीतसर लढवला आहे. ज्याला स्वर्ग हवा त्याने यज्ञ करावा, असे वेद सांगतो. फळ करणाऱ्याला, हे तर उघड आहे. मग यज्ञातले सगळे यजमानाने स्वतःच करायला हवे ना? पण ज्योतिष्टोम नावाच्या यज्ञाला सोळा ऋत्विज लागतात. एकटा माणूस एकाच वेळी ऋचा म्हणणार, साम गाणार आणि आहुती टाकणार कसा? निर्णय असा लागतो की यज्ञाचा गाभा म्हणजे त्याग, देवतेसाठी आपल्या वस्तूवरचा हक्क सोडणे. तेवढे यजमानाने जातीने करायचे. अध्वर्यू अग्नीत आहुती टाकतो, 'न मम' म्हणतो यजमान. बाकीचे मोलाने लावलेल्या माणसांकडून करून घ्यायला हरकत नाही, कारण दक्षिणा खुद्द वेदानेच सांगितली आहे, आणि मीमांसकांच्या लेखी यज्ञातली दक्षिणा हे दान नव्हे, ती मजुरी. मजुरी मिळाली की ऋत्विजाचा संबंध संपला. फळ ज्याने यज्ञ करवला त्याच्याकडे जाते.

मराठी घरात सत्यनारायणाला याची छोटेखानी आवृत्ती दर वेळी पाहायला मिळते. देश, काल, गोत्र, नाव, हेतू असा सगळा संकल्प गुरुजी सांगतात, यजमान पळीभर पाणी ताम्हनात सोडतो. मंत्र गुरुजींचे, पुण्य घरच्यांचे. व्यवस्था उत्तम आहे. फक्त संकल्पात काय म्हटले गेले हे यजमानाला कळले पाहिजे. नाहीतर तो नुसता मम म्हणत बसतो.

नुसते मम म्हणण्याची किंमत जानेवारी २०१५ मध्ये दिसली. 'स्टीम' हे संगणकावरच्या खेळांचे मोठे दुकान. त्याच्या लिनक्स आवृत्तीबरोबर एक शेल-स्क्रिप्ट येत असे. स्टीम जिथे बसवले आहे त्या जागेचा पत्ता ती एका चलात साठवी आणि गरज पडल्यास 'या पत्त्याखालचे सगळे पुसून टाक' असे आरएमला सांगे. एका वापरकर्त्याने स्टीमची डिरेक्टरी दुसरीकडे हलवली होती. पत्ता शोधणारी ओळ फसली, चल रिकामे राहिले. आता रिकाम्या पत्त्याखालचे सगळे म्हणजे मुळाखालचे सगळे. त्याच्या मालकीच्या साऱ्या फायली गेल्या, जोडून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्यासुद्धा, जिच्यावर तो बॅकअप ठेवत असे. या ओळीच्या डोक्यावर स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने स्वतःच एक शेरा मारून ठेवला होता: भीतिदायक! म्हणजे भीती वाटली होती, ती नोंदवलीही होती. चल रिकामे तर नाही ना, एवढे पाहायचे तेवढे राहिले.

मग मूळ पुसायला नकार देणारा तो बाणेदार आरएम या वेळी गप्प का बसला? कारण 'मूळ' हा शब्द त्याच्या कानावर आलाच नाही. 'मुळाखालचे सगळे' यातल्या 'सगळे'ची फोड शेलने वाटेतच केली होती आणि आरएमच्या हाती पडली ती 'बिन', 'होम', 'मीडिया' अशी सुट्या नावांची यादी. त्यातल्या कुठल्याही एका नावाला अडवण्याचे त्याला कारण नव्हते. संकल्प करणारा आणि काम करणारा यांच्यामध्ये असा एक तिसरा उभा असतो, वाक्याचे तुकडे पाडणारा. बंबलबीची मोकळी जागा घातक ठरली ती याच ठिकाणी. त्वष्ट्याचा समासही इथेच फुटला म्हणायचा. अक्षरे तीच राहिली, फक्त ती कशी जोडून वाचायची ते बदलले.

पायथनवाल्यांनी यावर तोडगा काढला. पीटर ऑस्ट्रँडच्या प्रस्तावातून २००४ च्या पायथन २.४ मध्ये 'सबप्रोसेस' हा विभाग आला. त्यात हुकूम एका लांबलचक वाक्यात द्यायचा नाही. प्रोग्रॅमचे नाव वेगळे, प्रत्येक घटक वेगळा, अशी यादी द्यायची. मध्ये शेल नाही, त्यामुळे फोड नाही. फायलीच्या नावात मोकळी जागा असली तर ती मोकळी जागाच राहते. शेल मध्ये हवाच असेल, तर तसे स्वतंत्रपणे लिहून मागावे लागते. आजही आळसाने लोक ते मागतात, हा भाग वेगळा.

तरीही यजमान सगळीकडे पुरा पडत नाही. २०१६ च्या मे महिन्यात 'इमेजमॅजिक' या प्रोग्रॅममधली एक मोठी फट उघड झाली. वापरकर्त्याने चढवलेला फोटो लहान करण्यासाठी असंख्य वेबसाइटच्या स्क्रिप्टी याच प्रोग्रॅमला हाक मारत. त्या स्क्रिप्टींचा संकल्प अगदी शुद्ध असला तरी उपयोग नव्हता. चित्रात जाळ्यावरचा एखादा पत्ता दिसला की तो आणण्यासाठी इमेजमॅजिक आणखी एका प्रोग्रॅमला बोलावी, आणि ते करताना तो पत्ता जसाच्या तसा शेलच्या वाक्यात गुंफे. कुणी खोडसाळाने पत्त्यातच अवतरणचिन्ह आणि पुढे स्वतःचा हुकूम लिहिला, तर तो हुकूम सर्व्हरवर चालत असे. श्रौत यज्ञात असे पोटकंत्राट चालत नाही. मुख्य चौघांचे मदतनीसही सोळांतच मोजले जातात, यजमान त्यांचेही वरण करतो, आणि मदतनिसांचे निम्मा, तिसरा, चौथा असे दक्षिणेचे वाटेही ठरलेले असतात. आपल्या यज्ञात कोण कोण राबतो आहे हे यजमानाला माहीत असते. इमेजमॅजिकवर तातडीचा उपाय निघाला तोही त्याच धर्तीचा: धोरणाच्या एका फायलीत, कुठल्या प्रकारचे काम मुळीच करायचे नाही हे आधीच लिहून ठेवायचे.

बोलावून झाले, आता ऐकायचे. इथे पायथनच्या अधिकृत दस्तऐवजात एक इशारा आहे, आणि तो वरवर वाटतो त्याहून खोल आहे. स्क्रिप्टने प्रोग्रॅमला कामाला लावले, त्याचे बोलणे आपल्याकडे यावे म्हणून मध्ये नळी जोडली, आणि मग ते बोलणे न वाचता ती नुसती त्याच्या संपण्याची वाट पाहत बसली. लिनक्सवर त्या नळीत साधारणतः ६५,५३६ बाइट मावतात. ती भरली की प्रोग्रॅम थांबतो. समोरच्याने थोडे वाचले की पुढचे बोलू, असे त्याचे म्हणणे. स्क्रिप्ट म्हणते, तुझे संपले की वाचते. दोघेही एकमेकांसाठी थांबून राहतात, कायमचे. कुणाचीच चूक झालेली नसते, पडद्यावर एक अक्षर येत नाही. याहून वाईट म्हणजे चाचणीत हे घडत नाही, कारण चाचणीचा मजकूर छोटा असतो.

यज्ञातही एक जण काही न बोलता बसलेला असतो, तो ब्रह्मा. होता, अध्वर्यू, उद्गाता यांची कामे वाणीची आणि हातांची. ब्रह्मा दक्षिणेला मौन धरून बसतो. पण त्याचे बसणे वाट पाहण्याचे नसते. छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात त्याचे काम सांगितले आहे: ऋचेत चूक झाली तर एका अग्नीत, यजुसात झाली तर दुसऱ्यात, सामात झाली तर तिसऱ्यात प्रायश्चित्ताची आहुती. चूक कुठल्या जातीची आहे हे कळल्याशिवाय उपाय नाही, आणि शेवटपर्यंत कान उघडे ठेवल्याशिवाय चूक कळत नाही.

संपताना प्रत्येक प्रोग्रॅम एक आकडा ठेवून जातो. शून्य म्हणजे काम झाले. शून्याखेरीज काहीही म्हणजे काहीतरी बिनसले, अशी साधारण समजूत. या समजुतीला 'ग्रेप' सुरुंग लावतो. मजकुरात शब्द शोधणारा हा प्रोग्रॅम शब्द सापडला तर शून्य देतो, फाइलच उघडली नाही किंवा तसेच काही घडले तर दोन. आणि शब्द कुठेच नसला तर एक. आता एक म्हणजे अपयश का? नोंदवहीत चोरीची नोंद शोधली आणि सापडली नाही, तर ते शोधण्याचे अपयश नव्हे, ती खात्रीची माहिती आहे. मीमांसकांतल्या कुमारिल भट्टाच्या परंपरेने याच कारणासाठी अनुपलब्धी हे सहावे, स्वतंत्र प्रमाण मानले: जमिनीवर घट नाही हे ज्ञान डोळ्यांनी घट दिसल्याने होत नाही, दिसण्याजोगा असून न दिसल्याने होते. दुसरा मीमांसक प्रभाकर, त्याला हे मान्य नव्हते, त्याने पाचांवरच भागवले. प्रत्येक शून्येतर आकड्यावर तक्रार कर, असे पायथनला सांगून ठेवणारा माणूस नकळत प्रभाकराच्या बाजूला जातो. त्याची स्क्रिप्ट ग्रेपच्या एकावर कोसळते. अशा ठिकाणी कुमारिलच बरा, असे म्हणावेसे वाटते.

हा आकडा राहतो कुठे, तेही पाहण्याजोगे आहे. प्रोग्रॅम संपला, त्याची मेमरी परत गेली, फायली मिटल्या. तरी कर्नल त्याची एक छोटी नोंद जपून ठेवतो: क्रमांक, आणि जाताना ठेवलेला आकडा. बोलावणाऱ्या प्रक्रियेने येऊन विचारणा केली की आकडा तिच्या हाती देऊन नोंद खोडायची. ती आलीच नाही तर नोंद तशीच लटकत राहते. युनिक्सवाले तिला 'झॉम्बी' म्हणतात. बोलावणाराच मेला तर पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया त्या पोरक्यांना दत्तक घेते आणि नोंदी निकालात काढते. मीमांसकांना हीच अडचण पडली होती. यज्ञ आज संपला, ऋत्विज दक्षिणा घेऊन घरी गेले, स्वर्ग मिळायचा तो मेल्यावर. संपून गेलेली क्रिया इतक्या उशिराने फळ कसे देणार? मध्ये काहीतरी टिकून राहिले पाहिजे म्हणून त्यांनी 'अपूर्व' मानले: क्रियेतून निपजणारे, दिसत नसलेले, फळ मिळेपर्यंत उरणारे. कर्नलच्या तक्त्यातले अपूर्व मात्र दिसते, मोजता येते आणि जागाही अडवते. प्रक्रियांच्या क्रमांकांना मर्यादा असते. लिनक्सवर वर्षानुवर्षे ती ३२,७६८ होती. फळ घ्यायला कुणी येत नसेल तर यंत्रणा एक दिवस नवी प्रक्रिया सुरूच करू देत नाही.

एवढे करूनही, शून्य आले म्हणजे काम खरोखर झाले, हे कशावरून? स्क्रिप्ट ते मानून चालते. बाध येत नाही तोवर ज्ञान प्रमाण, हा मीमांसकांचा स्वतःप्रामाण्यवाद. प्रत्यक्ष कृती करून यश आले तरच प्रमाण, हा नैयायिकांचा बाणा. मीमांसकांना आपली भूमिका परवडत होती, कारण त्यांच्या मते वेदाला कर्ताच नाही, आणि कर्ता नाही तिथे कर्त्याचे दोष कुठून येणार? कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमला कर्ता असतो. थॉम्पसनने ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेले आणि १९८४ मध्ये छापून आलेले भाषण याच दुखण्यावर होते. कंपायलरमध्येच चोरवाट अशी पेरता येते की तो लॉगिनच्या प्रोग्रॅममध्ये ती घालील, स्वतःच्या पुढच्या आवृत्तीतही घालील, आणि मूळ संहिता कितीही वाचली तरी तिचा मागमूस लागणार नाही, हे त्याने दाखवून दिले. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनात खरोखरच चोरवाट निघाली. ती सापडली ती कुणी संहिता तपासली म्हणून नव्हे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले, आणि ते त्याने सोडून दिले नाही. नैयायिकांना हा माणूस आवडला असता.

एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला मारलेल्या या हाकेने कायद्यालाही पेचात टाकले आहे. जीपीएल परवान्याखालचा प्रोग्रॅम आपल्या प्रोग्रॅमात मिसळला, तर सगळ्याला तोच परवाना लागू होतो. पण मिसळला म्हणजे काय? हुकूम आणि नळी यांच्याद्वारे बोलणारे दोन प्रोग्रॅम हे सामान्यतः वेगवेगळेच, असे परवान्यामागच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे म्हणणे. मात्र संवाद फारच अंतरंगातला असेल, गुंतागुंतीच्या अंतर्गत रचनांची देवघेव होत असेल, तर ते दोघे मिळून एकच धरले जाऊ शकतात, अशी पुस्तीही त्याला जोडलेली आहे. द्वैत-अद्वैताचा निकाल इथे वकिलांकडे आहे. बाहेरून हाक मारायची, आत घ्यायचे नाही, या सोवळ्यावर कित्येक कंपन्यांचा धंदा उभा आहे.

गेल्या काही वर्षांत या साखळीत आणखी एक जण वरच्या टोकाला येऊन बसला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक आता हुकूम स्वतः रचतात आणि टर्मिनलवर चालवतात. बहुतेक साधने आधी विचारतात: हे चालवू का? माणूस तीन-चार वेळा वाचतो, मग न वाचता 'हो' दाबू लागतो, आणि शेवटी विचारणेच बंद करून टाकतो. संकल्पही गुरुजींचाच झाला. जैमिनीच्या हिशेबाने यजमानाकडे एकच गोष्ट उरते, आपल्या वस्तूवरचा हक्क पणाला लावणे, आणि ती कुणाला बदली देता येत नाही.

आणि नेमका याच मुद्द्यावर, आपले काय आणि किती, यावर मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात एक चमकदार वाद आहे. विश्वजित यज्ञात सर्वस्व द्यायचे असते. सर्वस्वात आई-वडील येतात का? नाही, ज्यावर आपली मालकी आहे तेवढेच देता येते. मग राजाने पृथ्वी द्यावी का? तीही नाही. राजा तिचे रक्षण करतो, कर घेतो, पण ती त्याच्या मालकीची नसते. युनिक्सनेही जवळपास हाच नियम धरला आहे. बोलावलेल्या प्रोग्रॅमला बोलावणाऱ्याचे हक्क मिळतात, एरवी त्यापलीकडे काही नाही. अपवाद आहेत, पण ते मुद्दाम खूण करून ठेवावे लागतात. म्हणून स्टीमच्या तडाख्यात त्या वापरकर्त्याच्या मालकीचे तेवढे गेले आणि खुद्द यंत्रणा वाचली. बंबलबीची स्क्रिप्ट 'रूट'च्या, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालत असे, म्हणून यूएसआर गेले. रूट हा संगणकावरचा राजा. सगळ्यांच्या फायली त्याच्या ताब्यात, मालकी मात्र ज्याची त्याची. पन्नास जणांचे काम असलेल्या सर्व्हरवर एखादा प्रशासक सहायकाला रूटचे अधिकार देऊन चहाला जातो, तेव्हा तो जे पणाला लावतो ते त्याचे नसते. मीमांसकांच्या दृष्टीने असा त्याग सिद्धच होत नाही. आरएमला सिद्ध-असिद्ध कळत नाही; तो फक्त अधिकार तपासतो, आणि रूटचा अधिकार कमी पडत नाही.